कावळा आणि फांदी

मुलांना तर्कशास्त्र शिकविणें म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत देणें होय, असें आमच्या एका स्नेह्यांचें मत आहे. मी शाळामास्तर, नववीच्या वर्गाला दर शनिवारीं शेवटच्या तासाला हेत्वाभास शिकविण्याचा उद्योग मीं आपण होऊन अंगावर घेतला आहे. त्यामुळें हें मत ऐकून मला हंसूं येई. पण कोलीत खरें कोणाच्या हातीं होतें, हें मला गेल्या श्रावणांत कळलें.

वर्गांत मी अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'पासून आरंभ करतों. डोंगरावर धूर दिसला, तर तेथें अग्नि आहे हें अनुमान बरोबर. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. हा 'सव्यभिचार' हेतु मुलांना चटकन् उमगतो. मग येतो काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानें मोडली असें ठरत नाहीं, हें सांगितलें कीं वर्ग खदखदून हंसतो. दुसऱ्याच्या चुकीला हंसणें किती सोपें असतें!

श्रावणांत माझ्या धाकट्या मुलाला थंडी वाजून ताप भरला. आईनें गुळवेलीचा काढा दिला. रात्रीं घाम येऊन ताप उतरला. दुसऱ्या दिवशीं मूल खेळूं लागलें. "पाहिलंत? काढ्याचा गुण!" मी बोलून गेलों. थोरली मुलगी माझ्याच वर्गांत आहे. ती हळूच म्हणाली, "बाबा, काढा दिला नसता तर ताप उतरला नसता, हें आपण कुठं पाहिलं? हा कावळाच नसेल ना?"

"आजीपेक्षां तुला अधिक कळतं? लहान तोंडीं मोठा घास घेऊं नये!" मी गरजलों. ती गप्प बसली.

तिसऱ्या दिवशीं ताप पुन्हां चढला. पुन्हां काढा दिला. पांचव्या दिवशीं पोर ग्लानींत गेलें, तेव्हां डॉक्टरांकडे धांव घेतली. रक्त तपासल्यावर हिवताप निघाला. एक दिवसाआड चढावें आणि आपोआप उतरावें, हा त्या तापाचा धर्मच. औषधानें मूल बरें झालें. पण मधले दिवस मीं गमावले, ते अज्ञानामुळें नव्हे. न्यायसूत्रांत सत्यासाठीं चालतो तो 'वाद' आणि जिंकण्यासाठीं चालतो तो 'जल्प', असा भेद केला आहे. मुलगी वाद करीत होती. बाप जल्प करीत होता. तिच्या प्रश्नाला उत्तर न देतां मीं तिच्या वयाकडे बोट दाखविलें.

१९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें वैज्ञानिक दृष्टि व चौकस बुद्धि वाढविणें हें नागरिकांचें मूलभूत कर्तव्य ठरविलें. मुलें तें पार पाडूं लागलीं, तर आड येतात ते आम्ही वडीलच.

आतां माझ्या तासाला नवा नियम आहे : उदाहरण द्यावयाचें तें स्वतःच्या चुकीचें. पहिल्या दिवशीं मीं काढ्याची हकीकत सांगितली. कोणी हंसलें नाहीं. मग माझ्या मुलीनें बोट वर केलें. "सर," वर्गांत ती मला सरच म्हणते, "मीही चुकलें. शंका खरी वाटत होती, तरी तुम्ही रागावल्यावर मी गप्प बसलें. हा कोणता हेत्वाभास?"

तर्कसंग्रहांत पांच हेत्वाभास आहेत. त्यांतलें एकही नांव मला तिला सांगतां आलें नाहीं.