ना इकडे, ना तिकडे

माझं गाव नीरा-नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याचं अगदी टोक. इथे नीरा भीमेला मिळते. नरसिंहाचं गाव म्हटल्यावर हिरण्यकश्यपूची गोष्ट आलीच. ना घरात, ना बाहेर, थेट उंबरठ्यावर! आजीकडून ती शंभरदा ऐकली. पण ती डेटाबेस शिकताना आठवेल असं काही वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं, की मेसच्या हिशेबासाठी मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. मुलाच्या अनामत खात्यातून पैसे वजा करायचे आणि मेसच्या खात्यात पावती जमा करायची. दोन ओळींचं काम. प्रत्येक ओळीनंतर कमिट. काही चुकलंच तर प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून 'एक्सेप्ट'खाली 'पास'. काय रुबाब होता माझा!

एका संध्याकाळी एका मुलाचे १८०० रुपये वजा झाले. पावती क्रमांक मात्र आधीच वापरलेला निघाला, म्हणून दुसरी नोंद डेटाबेसने नाकारली. ती चूक माझ्या 'पास'ने गिळली. पैसे ना त्याच्या खात्यात, ना मेसच्या. यादीत तो थकबाकीदार! बिचारा कोणाला काही बोलला नाही. दोन दिवस वडापाववर काढले. तिसऱ्या दिवशी त्याच्या रूम पार्टनरने सांगितलं, तेव्हा मी जेवत होतो. घास खाली उतरेना.

त्या रात्री बसून सगळं बदललं. पायथनमध्ये २००६ साली, २.५ आवृत्तीत 'विथ' आलं. एसक्यूलाइटचं कनेक्शन 'विथ'ला दिलं, की ब्लॉक नीट संपल्यावर कमिट होतं. मध्येच एरर आली तर रोलबॅक. म्हणजे दोन्ही नोंदी राहतील, नाहीतर एकही नाही. मधे मधे आपण कमिट करायचं नाही. कनेक्शन मात्र आपोआप बंद होत नाही, ते आपणच करायचं.

आणि मित्रांनो, सगळ्यात महत्त्वाचं: एरर ब्लॉकच्या आतच गिळू नका. ती दारापर्यंत पोचलीच नाही, तर 'विथ'ला वाटतं सगळं ठीक आहे, आणि अर्धवट कामच कमिट होतं! पकडायची तर बाहेर पकडा, आणि माणसाला दिसेल अशी दाखवा.

दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, कॉम्प्युटर सांगतोय म्हटल्यावर मला वाटलं, माझंच काहीतरी राहिलं असेल."

देवाला उंबरठा चालला. कोणाच्या जेवणाच्या पैशांना तो चालत नाही.