घासागणिक

रात्री पावणेअकराच्या सुमारास आमच्या पार्किंगमधून चपलांचा सपक-सपक आवाज येत होता. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका स्कूटरींच्या रांगेमधून येरझाऱ्या घालत होते. डोळे मनगटावर. "आठशे राहिलीत अजून," वाण्याची उधारी राहिल्यासारखं त्यांनी खालूनच सांगितलं. थोड्या वेळानं मनगटावरचा पट्टा थरथरला असावा. काका जागच्या जागी थांबले आणि लिफ्टनं वर गेले.

दहा हजार पावलांचा हा आकडा कुठल्या वैद्यानं ठरवलेला नाही. 1965 साली जपानमधल्या यामासा नावाच्या घड्याळाच्या कंपनीनं कमरेला लावून पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालेलं, लोकांना व्यायामाची हौस आलेली; त्यात आकडा गोल, दिसायला देखणा. साठ वर्षांनी तो पुण्यात एका निवृत्त माणसाला वेळेवर झोपू देत नाही. चालण्याशी माझं वैर नाही. वेताळ टेकडीवर सकाळी जाणारी माणसं मला आवडतात, त्यातही निम्म्या वाटेवर दगडावर बसून गप्पांत रमणारी जास्त.

माझ्या थोरल्या आत्याचा चातुर्मासात मौनानं जेवायचा नेम असे. आषाढी एकादशीनंतर धरायचा, कार्तिकीला सोडायचा. वाईच्या घरात त्या दिवसांत पंगतीचा सगळा कारभार तिच्या भुवयांवर चाले. उजवी भुवई उडाली की मीठ, डावी उडाली की ताक. आमटी हवी असली की वाटी बोटानं किंचित कलती करायची. भाजीत तिखट जास्त झालं असेल तर ती नुसती वाढणारीकडे बघायची, आणि ते बघणं कुठल्याही बोलण्यापेक्षा जहाल असायचं. एरवी आत्या जेवताना अखंड बोलणारी. कोणाचं लग्न कुठे ठरतंय, कोणी भाऊबंदकीत किती गुंठे गमावले, सगळं पानावरच कळायचं. ती गप्प झाली की घरातले इतर आवाज अचानक मोठे व्हायचे: पन्हळीतून पडणारं पाणी, आजोबांचं ताक भुरकणं, माजघरातलं घड्याळ. आम्ही पोरं तिला बोलतं करायला टपलेलीच. "आत्या, मांजर!" ती ढिम्म. "आत्या, पोस्टमन आलाय, तार आहे!" त्यावर एक डोळा वटारला जाई, बस.

एकदा मात्र खरोखरच दूध उतू जाऊ लागलं, आणि भातात हात असतानाच ती ओरडली, "अगं, गॅस!" पंगतीत टाळ्याच पडल्या. मोडला, मोडला! आत्यानं कोणाकडे पाहिलं नाही. पाण्याचा एक घोट घेतला आणि पुढचा घास तोंडात घातला तो पुन्हा मुकाट्यानं. हात धुतल्यावर आम्ही घेरलंच तिला. "तेवढा घास गेला," ती म्हणाली. "पुढचे होते की पानात."

आता भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये एक दिवस चुकला की सलग दिवसांची सगळी साखळी शून्यावर येते आणि माणसं हळहळतात. ती साखळी शाबूत राहावी म्हणून लग्नाच्या मांडवात बसून फ्रेंच क्रियापदं गिरवणारी मुलगी मी पाहिली आहे. फ्रेंच तिला यावी, माझी ना नाही.

2004 साली श्रावण अधिक आला. चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आत्यानं पंचांग बघितलं, "बरं," म्हणाली आणि आणखी एक महिना गप्प जेवली. ऑफिसात मुदत महिनाभर पुढे गेली की आम्ही कागद रंगवतो, बैठका घेतो, शेवटी कोणाच्या तरी माथी मारतो. तिथे दर एप्रिलमध्ये वर्षाची उद्दिष्टं भरून द्यायची असतात, विशिष्ट, मोजता येतील अशी, मुदतीसकट. हा साचा 1981 सालचा, जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं एका व्यवस्थापनाच्या मासिकात छोट्याशा लेखात मांडलेला. कारखान्याला तो ठीकच आहे. माणसानं रविवारी सकाळी स्वतःच्या वहीत तो उतरवायला घेतला की मला धास्ती वाटते.

पूजेतला संकल्प ऐकताना माझं लक्ष नेहमी त्याच्या पहिल्या भागाकडे असतं. काय हवंय ते सांगायच्या आधी गुरुजी आपला पत्ता सांगत असतात: कल्प कोणता, युग कोणतं, गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलोय, संवत्सर, महिना, तिथी, वार. मग नाव, गोत्र. एवढं झाल्यावर कुठे मागणं येतं, आणि तेही तळहातावरच्या पळीभर पाण्याबरोबर ताम्हनात सोडून द्यायचं. एप्रिलच्या फॉर्मला मी कुठे बसलोय याची फिकीर नसते. मार्चमध्ये कुठे असायला हवं, तेवढंच तो विचारतो.

वारीला जाणाऱ्यांत तर असे कितीतरी असतात, जे वीसेक दिवस चालून पंढरपुरात पोचतात, चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला माथा टेकतात, कळसाला हात जोडतात आणि मागे फिरतात. दर्शनाची रांग त्यांना जमणारी नसते, आणि ते रडतही बसत नाहीत. माळ घातलीय, वारी चुकवायची नाही. ती चुकली नाही. आषाढीची शासकीय महापूजा झाली की टीव्हीच्या गाड्या निघून जातात. माउलींची पालखी मात्र पौर्णिमेच्या काल्यानंतर आळंदीला परत जायला निघते. त्या परतवारीला माणसं मोजकीच, चाल भरभर. मला जायला मिळालं तर त्या वारीला जायचंय.