टँकमधली घरघर

दिवसभर मिक्सर, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये फिश टँकच्या पंपाचा आवाज कुणाच्या कानावरही येत नाही. रात्री मात्र घरात तोच एक बोलत असतो. आमचे सासरे हॉलमध्ये दिवाणावर झोपतात आणि टँक त्यांच्या उशापासून चार हातांवर. "रात्री बंद करत जा गं ते," असं त्यांचं म्हणणं. "मग मासे मरतील ना आजोबा," हे मुलीचं. अडचण अशी, की दोघांचंही बरोबर होतं.

पंप पाणी हलतं ठेवतो, म्हणून पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळत राहतो. आमच्या गोल्डफिशना तो बराच लागतो. शिवाय फिल्टरच्या स्पंजात उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचा ते बंदोबस्त करतात. पाणी वाहायचं थांबलं, की काही तासांत तेही गुदमरू लागतात. तेव्हा पंप चालू ठेवून आवाजच शोधायचा, असं ठरलं.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. त्यांनी काहीही उघडायच्या आधी आवाज येतो कुठून ते पाहिलं. तळहात आधी टँकच्या झाकणावर दाबला, मग काचेवर, मग खालच्या कपाटावर. झाकण दाबताच निम्मा आवाज गेला! प्लास्टिकचं झाकण थरथरत होतं. कडेला रबराची पट्टी चिकटवली. पंपाचे रबरी सक्शन कप कडक झाले होते, त्यामुळे पंप थेट काचेला टेकून ती थरथर कपाटापर्यंत पोचवत होता. नवे कप बसवले.

उरली ती आतली घरघर. प्लग काढला (तो काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, लहानांनी नाही आणि मोठ्यांनीही नाही) आणि पंप खोलला. आत एक चुंबक असतो, त्याला पाती जोडलेली असतात. बारीक सिरॅमिकच्या दांडीवर तो गरगर फिरतो. हैदराबादला आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, नळाच्या तोट्यांवर पांढरा थर धरणारं. तोच क्षार दांडीवर आणि चुंबकाच्या खोबणीत बसला होता. सुटे भाग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात अर्धा तास बुडवले, जुन्या टूथब्रशनं घासले, खोबणीत कानकाडी फिरवली आणि सगळं साध्या पाण्यानं खळखळून धुतलं. दांडीला चीर असेल तर मात्र धुऊन उपयोग नाही, ती बदलावीच लागते. घरघरीऐवजी खडखड येत असेल तर पात्यात वाळूचा कण किंवा गोगलगाईचं पिल्लू अडकलंय का तेही बघावं.

जोडताना बाबा शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आले. सवयच ती! मी हात धरला. या दांडीला वंगण लागतं ते पाण्याचंच, आणि तेल पाण्यात गेलं तर माशांचं काही खरं नाही. बाटली परत गेली, पण "पाण्यावर चालणारं बेअरिंग" हा विषय जेवणापर्यंत पुरला.

स्पंज आम्ही टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळतो. नळाच्या क्लोरीनमुळे जिवाणू मरतात.

काही आवाजांना पंप खोलावाही लागत नाही. गुळगुळ ऐकू आली, की आधी पाण्याची पातळी बघावी. उन्हाळ्यात ती भराभर उतरते आणि पंप हवा ओढायला लागतो. बुडबुडे सोडणारा बाहेरचा एअर पंप गुणगुणत असेल तर खाली जाड स्पंज ठेवावा, एअर स्टोन तुंबलाय का पाहावं. तो पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीला एकतर्फी व्हॉल्व्ह लावावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. आणि फक्त इन्व्हर्टरवर असतानाच पंप मोठ्यानं घुं करत असेल तर त्याला दोष देऊ नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटरी तशाच वाजतात.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आजोबा आणि नात पंप खोलून बसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, गॅस आणि लाइट बिलाच्या नोंदींशेजारी बाबांच्या अक्षरात "पंप सर्व्हिसिंग" लिहिलेलं असतं, आणि खाली मुलीची सही.