पाठ बळकट, पोट बिचारं

थर चिकटवून केलेलं धनुष्य ओढलं की निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, चेपलं जातं. मधला थर जवळजवळ निवांत. त्याला हलकं, सरळ रेषेचं, सरस नीट धरणारं कुठलंही लाकूड चालतं. हौशी लोक नेमके तिथेच रंगीत महागड्या पट्ट्या घालून खिसा हलका करतात.

*

यूच्या झाडात पाठ-पोटाची ही जोडी आयतीच मिळते. सालीलगतचं फिकट लाकूड ताणाला चिवट, गाभ्याचं नारिंगी लाकूड दाबाला घट्ट. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेतून शंभरावर लांब धनुष्यं निघाली, ती यूचीच. आपण चिकटवाचिकटवी करतो ती त्या झाडाची नक्कल.

*

परदेशी कारागिरांची लाकडांतली आवडती जोडी: पाठीला हिकरी, पोटाला इपे किंवा ऑसेज. हिकरी सहसा तुटत नाही, हे खरंच. पण ती हवेतली ओल पिते, आणि ओलावलेलं धनुष्य दोरी उतरवली तरी वाकलेलंच राहतं. कोरड्या मुलखात ती उत्तम. कोकणातल्या जुलैत मी तिच्यावर पैसे लावणार नाही.

*

पाठीला मानवेल. हा बांबू भरीव किंवा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे पट्टी जाड निघते आणि हवी तेवढी तासता येते. मात्र तासायची ती आतल्या बाजूनं. बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट, आत जावं तसे विरळ. म्हणून वरच्या चकचकीत कातडीला रंधा लावायचा नाही. पेरांवरचे उंचवटेही दिसायला बरं म्हणून सपाट करायचे नाहीत. तंतू कापले की पाठ तिथूनच उचकटते.

*

जोडी निवडताना आधी पोट ठरवावं, मग पाठ. बहुतेक जण उलटं करतात: बांबू बळकट, म्हणून चांगला जाड घेतात, आणि खाली मऊ लाकूड लावतात. पाठ ताणायला तयार नसते, सगळा भार पोटावर येतो. मग पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात. दिव्याखाली धनुष्य तिरकं धरलं तर दिसतात, नखाला लागतात. त्या वाढतच जातात. उपाय आधीच करायचा: बांबू ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा आणि पाठ पोटापेक्षा थोडी अरुंद करायची, म्हणजे आडवा छेद किंचित समलंब होतो. बळकट पाठीला मुद्दाम दुबळं करायचं! सुतारांना हे पटवणं अवघड.

*

जाडी १० टक्के वाढली की ताठपणा सुमारे ३३ टक्के वाढतो. रुंदी १० टक्के वाढवली तर फक्त १०. त्यामुळे शेवटी रंधा बाजूला, हातात कानस आणि पॉलिश पेपर.

*

पोटाला धामणीचं लाकूड. लवचीक म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, कावडी आणि धनुष्यंही त्याची होतात. सागवान पोटाला नको. टेबलाखुर्चीत त्याचा मान मोठा, वाकवण्यात नाही. मुठीला शिसम लावा. मूठ वाकतच नाही, तिथे हौस भागवायला हरकत नाही.

*

जपानी धनुष्य, युमी, दोन मीटरहून लांब, पाठ बांबूची आणि पोटही बांबूचं. मूठ मधोमध नसून खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर. एकच साहित्य दोन्ही बाजूंना घेऊनही उत्तम धनुष्य होतं, एवढं ध्यानात असावं.

*

इपे, सागवान अशी तेलकट लाकडं सरस नीट धरत नाहीत. ताजा रंधा मारून, ॲसिटोननं पुसून, लगेच चिकटवावीत. दाबायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गच्च गुंडाळाव्यात. शिकंजा जागोजागी दाबतो, ट्यूब सगळीकडे सारखी. एपॉक्सी असेल तर फार करकचून नको, सगळा सरस बाहेर पडतो.

*

वखारीत फळीचा दर्शनी भाग बघून भुलू नये. कड बघावी. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत न सुटता गेली पाहिजे. मध्येच तिरकी होऊन कडेबाहेर पडली, तर झाड कितीही नावाजलेलं असो, ती फळी वखारवाल्याला परत.