सोडणे आणि सोपविणे

वाचकहो, गेल्या हिवाळ्यात आमेरचा किल्ला पाहण्याचा योग आला. हाती एक इंग्रजी माहितीपत्रक होते. सवाई जयसिंहांनी १७२७ साली जयपूर वसविले आणि आमेर 'गिव्ह अप' केले, असे त्यात म्हटले होते. भाषांतराची सवय जडलेले माझे मन तेथेच अडखळले.

'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. हे शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पण ते एकत्र आले की अर्थ पालटतो. तंबाखू 'गिव्ह अप' केली म्हणजे व्यसन सोडले. कोडे 'गिव्ह अप' केले म्हणजे हार मानली. बसमध्ये वृद्धासाठी जागा 'गिव्ह अप' केली म्हणजे ती त्याला दिली. सर्वनाम आले तर ते मध्येच बसते : 'गिव्ह इट अप'. आपल्याकडेही सोडून देणे आणि सोडून जाणे यांत अंतर आहेच.

काही वर्षांपूर्वी एका विधवेचे इंग्रजी आत्मकथन मी मराठीत आणले. मुलाच्या शिक्षणासाठी तिने त्याला नागपूरच्या नातलगांकडे ठेवले होते. तिच्या 'गिव्ह अप'साठी मी सहज 'सोडून दिले' असे लिहिले. तो अंक त्या मुलाच्याच हाती पडला. मग मातेचे पत्र आले. मी त्याला सोपविले होते, सोडून दिले नव्हते, एवढेच तिने कळविले होते. पुढील अंकात दुरुस्ती छापली. परंतु त्या मुलाचे पहिले वाचन मला परत घेता आले नाही.

याच जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट होते. त्यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातले. अरबी शिकून त्यांनी युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. भूमितीतील बिंदू कोणत्याही भाषेत बिंदूच राहतो. मातेच्या शब्दाचे तसे नसते.

इतक्यात शिलादेवीच्या मंदिरातील घंटा वाजली. राजा मानसिंहांनी बंगालमधून आणलेली ही देवी आजही आमेरातच आहे आणि तिची पूजाही चालू आहे. मग आमेर सोडून दिले असे कसे म्हणावे? मी माहितीपत्रकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले : 'राजधानीचा मान जयपूरला दिला.'

वाचकहो, कोशात अर्थ अनेक सापडतात. त्यांतला कोणता घ्यावा, हे मात्र ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याच्याकडे पाहूनच ठरवावे लागते.