अर्धा नूडल

आमच्या न्हाणीघराच्या दारामागे गुलाबी फोमची अडीच फुटी नळी टांगलेली असते. क्लोरीनने रंग उडालाय. एक टोक गुळगुळीत आहे, दुसरं तिरकं आणि खरबरीत, कारण ते काकूंनी स्वतःच्या विळीवर कापलेलं आहे. पोहण्याच्या टँकवरून आले की नळी निथळायला टांगते आणि त्या कापलेल्या टोकावरून नकळत बोट फिरतं.

2018 साली माझ्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. एक्स-रेत सांध्यातली फट बारीक झालेली दिसली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चाललं की सूज यायची, सूज आली की चालणं बंद, आणि बसून बसून वजन वाढलं की गुडघे आणखी कुरकुरायचे. पाण्यात चालून बघ, असं वन्सं म्हणाल्या, म्हणून सकाळच्या लेडीज बॅचला नाव घातलं. पहिले चार दिवस मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर दांडा धरून उभी होते.

पाण्याची भीती जुनी. फलटणकडच्या आमच्या गावी वडील भावांना पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडायचे, तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. मुलींनी उतरायचं नाही असं कुणी बोललं नव्हतं. बोलावं लागतच नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याच बॅचच्या काकू पाण्यातून चालत माझ्यापाशी आल्या. वय तेव्हा 76. हातातल्या फोमच्या नळीचं, म्हणजे नूडलचं, एक टोक त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"सोड गं दांडा. पाणी छातीएवढंच आहे आणि दुसरं टोक माझ्या हातात आहे."

त्यांचं माहेर वाईचं. कृष्णेच्या घाटावर भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या. नूडल म्हणजे आपला भोपळाच, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच आहे. भोपळ्याच्या पोकळीत हवा असते, इथे फोमच्या लाखो बंद कप्प्यांत. दीड मीटरची अख्खी नळी चार-पाच किलोंचा भार सहज तोलते. जीव वाचवायला मात्र तिच्यावर विसंबायचं नाही, हे काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आर्किमिडीजचं तत्त्व मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. चंचुपात्र, तानकाटा आणि दोऱ्याला बांधलेला दगड. पाण्यात दगडाचं वजन घटलं की मुलं काट्याकडे टक लावून बघायची. त्या सकाळी दगडाच्या जागी मी होते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर निम्माच भार राहतो, छातीपर्यंत गेलं तर जेमतेम तिसरा हिस्सा. बहात्तर किलोंची मी पंचवीसेक किलोंची झाले. शेवटी कधी न दुखता पाऊल टाकलं होतं ते आठवेना. डोळे भरून आले. काकूंनी पाहिलं आणि त्या काही न बोलता टोक ओढत चालत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नूडल घरी नेला आणि दोन तुकडे करून आणला. भिंतीला धरून उभं राहायचं, तुकडा तळपायाखाली घ्यायचा आणि खाली दाबायचा. मला वाटलं, दाबणं हाच व्यायाम. काकूंचं लक्ष दुसरीकडे असायचं. "दाबताना घाई झाली तरी चालेल. वर येताना त्याला उसळू द्यायचं नाही. सावकाश, तू म्हणशील तसाच तो वर आला पाहिजे." पाय दुमडत वर येत असताना मांडीचे स्नायू त्या उसळीला आवरून धरतात, आणि जिना उतरताना गुडघ्याला नेमकं हेच बळ लागतं. हे मला पुढे वाचून कळलं. काकूंना ते पायांनी ठाऊक होतं.

मग तुकडा गुडघ्यांमध्ये धरून दाबणं. मग दुसऱ्या कुणाचा अख्खा नूडल मागून घेऊन त्यावर घोड्यासारखं बसून सायकल मारणं. पाण्याचं एक मला फार आवडतं: ते आपल्याच बेताने अडवतं. वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट, आणि दुखलं म्हणून हळू झालात की तेही मऊ होतं. चार महिन्यांनी मी दोन मजले कठड्याला न धरता उतरले आणि खालूनच काकूंना फोन केला. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाल्या.

मार्च 2020मध्ये करोनामुळे टँक बंद झाला. तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. खुर्चीत बसून तुकडा गुडघ्यांत धरायचा आणि त्या आकडे मोजायच्या, तीसपर्यंत. बंदी उठली, आम्ही परत पाण्यात उतरलो. पण 2022च्या पावसाळ्यात काकू घरातच पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. त्यांचं पाणी सुटलं ते सुटलंच.

नूडलचे पैसे मी दोनदा पुढे केले होते. "अर्ध्याचे कसले पैसे घ्यायचे?" म्हणून त्यांनी पाकीट माझ्याच पिशवीत टाकलं. त्यांचा अर्धा त्यांच्याबरोबर नाशिकला गेलाय, उशाशी असतो म्हणे.

दर शनिवारी टँकवरून आले की फोन लावते. माझ्या गुडघ्यांचं त्या शेवटी विचारतात. आधी पाण्याचं विचारतात, आणि मला घाई करू देत नाहीत. मग मी सांगते, आज पहिल्या पायरीला गार लागलं, कमरेला शहारा आला, पण चौथ्या फेरीला बरं वाटलं. तळ स्वच्छ दिसत होता. ऊन शिडीपर्यंत आलं होतं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येत नाही. मग म्हणतात, "हं. आणि मग?"