बुलेटचा क्लच आणि घरातली हत्यारे

जुनी वस्तू मोडीत काढावी की दुरुस्त करून वापरावी, हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या घरात नेहमीच उभा राहतो. आमच्या घरी तो अण्णांच्या बुलेटमुळे उभा राहिला.

लष्कराला मोटारसायकली हव्या होत्या, म्हणून १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि तिथे बुलेट तयार होऊ लागली. आमची गाडी १९७४ सालची, साडेतीनशे सीसीची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून त्यांनी ती जुनीच विकत घेतली. अण्णा गेले, गाडी आणि हत्यारांची पेटी मागे राहिली.

गाडीला दोन दुखणी होती. सकाळी पहिला गिअर टाकला की क्लच दाबलेला असूनही ती पुढे उडी घेई. आणि घाटात इंजिन नुसते ओरडे, गाडी मात्र चढत नसे. एका मिस्त्रींनी सांगितले, "अख्खा क्लच बदला, नाहीतर भंगारात द्या." सांगितलेली रक्कम आमच्या महिन्याच्या किराण्याहून मोठी होती.

कोणी जाणकार सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला होता. आम्ही ठरवले, आधी उघडून पाहायचे.

क्लचची रचना अवघड नाही. त्यात घर्षणाच्या आणि पोलादी अशा प्लेटी एकाआड एक बसवलेल्या असतात. घर्षणाच्या प्लेटी इंजिनाच्या चेनवर फिरतात, पोलादी प्लेटी गिअरबॉक्सला फिरवतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. मुठीतला दांडा ओढला की दाब सुटतो आणि प्लेटी मोकळ्या होतात. दाब पुरेसा नसला तर क्लच घसरतो. प्लेटी पुऱ्या सुटल्या नाहीत तर तो चिकटतो. आमच्या गाडीत दोन्ही होते, म्हणजे कारणेही दोन असणार.

प्रथम केबल पाहिली. दांड्याला थोडी मोकळी चाल हवी. ती अजिबात नसेल तर क्लच घसरतो, फार असेल तर चिकटतो. गिअरबॉक्सच्या उजव्या झाकणाआड एक स्क्रू आणि त्याचा लॉकनट असतो, तिथेही ही चाल जुळवता येते. केबल ठीक होती. मग डावीकडचा पायठेवा आणि ब्रेकचा पायटा काढला, खाली परात ठेवली आणि चेनकेसचे झाकण उघडले. तेल डांबरासारखे काळे निघाले.

पाना आमच्या पुतणीच्या हातात होता. ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेते. शेजारच्या बाईंनी विचारले, "पोरीच्या हाताला ग्रीस कशाला लावता?" आई म्हणाली, "आम्ही शेणामातीत हात घातले तेव्हा कुणी इचारलं नव्हतं. तिचा हात तर इद्येचा हाय."

पुतणीने प्लेटी काढून क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या. पोलादी प्लेटी एकेक करून काचेवर ठेवल्या. दोन डुगडुगल्या, म्हणजे त्या वाकल्या होत्या. घर्षणाच्या प्लेटी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या, तर आखूड भरल्या. दोन्ही दुखण्यांची कारणे समोर आली. क्लचच्या डब्याच्या खाचांनाही प्लेटींच्या कानांनी ओरखडे पाडले होते. ते तिने बारीक कानशीने हलकेच सपाट केले. डबा, साखळी, बाकी सारे धड होते. नाना पेठेतून प्लेटी आणि स्प्रिंगा आणल्या. मिस्त्रींच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी खर्चात काम झाले. बसवल्यावर दांडा ओढून प्रेशर प्लेट सरळ उचलते की तिरकी, हे पाहिले. तिरकी होती, म्हणून स्प्रिंगांचे स्क्रू सारखे केले. तेल मात्र नेमून दिलेलेच घातले. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात, त्यांनी असा क्लच घसरतो.

दुसऱ्या दिवशी पुतणीने आजीला मागे बसवून दिवे घाट चढवला. गाडी कुठे अडखळली नाही.

ही गोष्ट केवळ पैसे वाचल्याची नाही. अण्णांचे वडील मुंबईला कापडगिरणीत होते, पण विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. तुटलेला धागा तोंडात धरावा लागतो, म्हणून विटाळाचे कारण सांगून तिथे अस्पृश्यांना घेत नसत. आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ते खाते आपल्या माणसांना खुले करण्याची मागणी लावून धरली. यंत्राजवळ जाऊ न देणे हीसुद्धा अस्पृश्यताच होती. आजोबांना साच्याजवळ उभे राहू दिले नाही, मुलगा फिटर झाला आणि आता नात क्लच उघडते.

ज्यांच्या घरी जुनी बुलेट आहे त्यांनी एवढे करावे. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी चालू करण्यापूर्वी क्लच ओढून तीन-चार किका माराव्यात, म्हणजे चिकटलेल्या प्लेटी सुटतात. अर्धा क्लच दाबून गाडी चालवू नये. तेल वेळेवर बदलावे. आणि गाडी असो वा नसो, घरात पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर ठेवावेत. ते मुलाच्या हाती द्यावेत, तसेच मुलीच्याही.